ताणाही हवा, बाणाही हवा



गेल्या मे महिन्यात पडघ्याकडचे एक शेतकरी मुलाला घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, पोराला इंजिनिअर व्हायचंय. पण म्हणतो, मला एकच शाखा नको. थोडं यंत्राचं, थोडं विजेचं, थोडं संगणकाचं अशी एक मिळून पदवी निघालीय, मधूनमधून कारखान्यात काम करायचं, तीच घेतो. चार वर्षांची फी भरायची आणि शेवटी 'एक ना धड, भाराभर चिंध्या' असं तर होणार नाही ना?"

या प्रश्नावर मला माझी स्वतःची उमेदवारी आठवली. आज जिला इंटर्नशिप म्हणतात, तीच ही. मी यंत्रशाखेचा विद्यार्थी. उन्हाळ्याच्या सुटीत भिवंडीतल्या एका यंत्रमागाच्या गाळ्यात दोन महिने होतो. सकाळी माग छान चालत. दुपार झाली की ताण्याचे धागे तटातट तुटत. मी आपला फणी बघ, धोट्याची पेटी बघ, असं करीत बसलो. वायरमनने विजेचा दाब मोजला. दाब उतरला की मोटर मंदावते, धोटा वेळेवर पेटीत पोचत नाही आणि माग खाडकन थांबतो, हे खरं. पण माग थांबणं वेगळं आणि धागा तुटणं वेगळं.

शेवटी मागावरचे एक वयस्कर चाचा म्हणाले, "बेटा, खाली काय बघतोस? वर बघ." वर पत्रे तापलेले होते. हवा कोरडी पडली की सुती धागा कमजोर होतो, त्यावरची खळ कडक होऊन तडकते. चाचांनी जमिनीवर पाणी मारलं, खिडकीला ओलं गोणपाट टांगलं, आणि धागे तुटायचे कमी झाले. त्यांना मजुरी मिळे ती विणलेल्या कापडाच्या मापावर. माग जितका वेळ उभा, तितकी त्यांची भाकरी कमी. म्हणून त्यांची नजर छपरापर्यंत गेली होती. माझी पुस्तकाबाहेर गेली नव्हती.

एका तुटलेल्या धाग्यात यंत्र आलं, वीज आली, खळीचं रसायन आलं, छपराचं बांधकाम आलं आणि माणसाची मजुरीही आली. अडचण काही शाखा विचारून येत नाही. तेव्हा अनेक विषय एकत्र शिकवणारी पदवी ही खुळी कल्पना नव्हे.

पण दुसरी बाजूही ऐका. पाणी मारावं हे चाचांना ठाऊक होतं. किती मारावं, हे अंदाजावर होतं. ओल जास्त झाली तर खळ चिकट होते, लोखंड गंजतं. तिथं आर्द्रता मोजायला हवी, हिशेब मांडायला हवा. ते काम वरवरच्या माहितीने होत नाही. एक विषय तरी तळापर्यंत यावा लागतो. हा झाला ताणा. बाकीचे विषय म्हणजे बाणा. दोन्ही असतील तर कापड, नाहीतर चिंध्याच.

काम करीत शिकण्याची ही रीत जुनी आहे. अमेरिकेत सिनसिनाटीच्या विद्यापीठात १९०६ साली विद्यार्थी आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात जाऊ लागले. आपल्याकडे पिलानीच्या संस्थेने १९७३ पासून उद्योगातलं काम पदवीतच गुंफलं. आणि कापडधंद्याशी शिक्षणाची गाठ महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था निघाली, तिलाच आज वीरमाता जिजाबाई यांचं नाव आहे. आणि यंत्रमागांच्याच इचलकरंजीत १९८२ साली वस्त्र व अभियांत्रिकीचं महाविद्यालय सुरू झालं.

मग पालकांनी काय करावं? फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, या पदवीत माझा मुलगा, माझी मुलगी कोणता एक विषय खोलवर शिकणार? दुसरी, उमेदवारी किती महिन्यांची, कोणाच्या हाताखाली, आणि तिथे हाताने काय करायला मिळणार? की नुसता शिक्क्याचा कागद? तिसरी, या पदवीला मान्यता आहे का, आणि सरकारी भरतीत ती चालते का? कारण तिथे पुष्कळदा स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत असं शाखेचं नाव बघतात. ही चौकशी आधी करावी. नंतर केली तर ती हळहळ होते. उत्तर लेखी मिळालं तर उत्तम.

आणि शिक्षकबंधुभगिनींनो, नववी-दहावीची मुलं एक दिवस गावच्या पिठाच्या गिरणीत, पाणीपुरवठ्याच्या पंपाशी, नाहीतर मागाच्या गाळ्यात न्या. तिथे काय बिघडतं आणि का, एवढंच लिहून आणायला सांगा.

त्या मुलाला मी हो किंवा नाही म्हटलं नाही. म्हटलं, "आधी आठ दिवस मागापाशी उभा राहा, मग ये." तो नवव्या दिवशी आला. कानात मागांचा खडखडाट भरलेला, हातात वही. वहीत सतरा प्रश्न होते. वडिलांना म्हटलं, "हे प्रश्न घेऊन दोन्ही कॉलेजं बघून या. यांची उत्तरं जिथे मिळतील, तिथे याला घाला."