ती अशी का रागावते?

एखादी बाई मधेच वेगळ्याच आवाजात बोलते, स्वतःलाच मारून घेते, नंतर तिला काही आठवत नाही. आपण म्हणतो, बाहेरची बाधा. पण लहानपणी फार सोसलं की मनाचे असे वेगळे भाग पडू शकतात. डॉक्टर याला डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतात. रागावणारा भाग बहुतेकदा तिला वाचवायलाच तयार झालेला असतो: "गप्प रहा, नाहीतर पुन्हा मार बसेल." म्हणून त्याला डिवचू नका. शांतपणे विचारा, "भीती कशाची वाटते?" भूत उतरवायला मारहाण करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. जिवाला धोका दिसला तर तिला एकटं सोडू नका. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात न्या. सल्ल्यासाठी १४४१६ वर फोन लावा, मोफत आहे.