हवेची तहान आणि भांगेचं पीक
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज भांगेवर बोलायचं आहे. हसा, हरकत नाही. पण 'हेम्प' नावानं हेच पीक कोरडवाहूचं सोनं म्हणून सांगितलं जातं. पाणी लागत नाही, फवारणी नाही, बोंडअळी नाही, बियाणं घ्या, माल आम्ही उचलतो. असं सांगणाऱ्याला आपण भाव विचारतो, हवा विचारत नाही. आज हवेचंच बोलू.

त्याआधी कायदा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली विनापरवाना भांग लावली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. धागा आणि बियांसाठी सरकार परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडनं २०१८ साली तसा परवाना दिला, आणि तोही झाडातला नशेचा अंश ०.३ टक्क्यांच्या आत राहील या अटीवर. परवाना हातात नसेल तर एक दाणासुद्धा टाकू नका. तुरीच्या ओळीत लपवून तर मुळीच नाही. पण समजा, उद्या परवाना मिळाला. तरी हवा आपलीच राहणार.

हवेला तहान असते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असा खोका डोळ्यांसमोर आणा. २० अंशाला त्यातली हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ धरते, ३० अंशाला ३०, आणि ४० अंशाला ५१ ग्रॅम. म्हणजे हवा तापली की तिचं पोट मोठं होतं. मेमधल्या दुपारी ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असली, तर खोक्यात १० ग्रॅम वाफ आहे आणि ४१ ग्रॅमची तहान आहे. ती तहान पानातून भागते. मुळाला तेवढं पाणी पुरवता आलं नाही की पान आपली तोंडं मिटून घेतं. तोंड मिटलं की पाणी वाचतं, पण अन्न बनणंही थांबतं. झाड मरत नाही, वाढतही नाही. कपाशीचं हे रूप आपल्याला नवं नाही.

भांगेचंही तसंच. अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठात २००८ साली भांगेचं झाड मोजून पाहिलं, तेव्हा त्याचं अन्न बनवणं ३० अंशांच्या आसपास सगळ्यात चांगलं चाललं आणि त्यापुढे उतरू लागलं. 'पाणी लागत नाही' याचा खरा अर्थ पाण्यावाचून जगतं एवढाच. जगणं आणि पिकणं यातला फरक कोरडवाहू शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

आता उलट बाजू बघा, आणि आमच्या मते खरा धोका इथेच आहे. ऑगस्टची झड लागली आहे. दिवसा २८ अंश, आर्द्रता ८५ टक्के. खोक्यात २३ ग्रॅम वाफ आहे. रात्री पारा २४ वर आला. तेवढ्याला हवा २२ ग्रॅमच धरू शकते. उरलेली वाफ जाते कुठे? पानावर, फुलात, तुऱ्यात पाणी होऊन बसते. पाऊस नसला तरी पीक रात्रभर ओलं राहतं. बुरशीला याहून जास्त काही लागत नाही. भांगेचा तुरा गच्च, चिकट असतो, वारा आत शिरत नाही. त्यात करडी बुरशी लागते ती आतून. बाहेरून तुरा हिरवा दिसतो आणि फोडला की आत राख. बियांसाठी पीक घेतलं तरी बी त्याच तुऱ्यात भरायचं असतं.

हे कुठे पाहिलंय आपण? संकरित ज्वारीत. १९६४ साली सीएसएच-१ आली. लवकर येणारी, ठेंगणी, उताऱ्याला भारी. आपली जुनी खरीप ज्वारी दिवस लहान होऊ लागले की निसवायची, पाऊस सरल्यावर दाणा भरायची, म्हणून पांढरीशुभ्र. संकरित ज्वारी दिवस मोजत नाही, वय मोजते. ती सप्टेंबरच्या पावसात दाण्यावर आली आणि काळी पडली. पोत्यात दाणे वाढले आणि बाजारात भाव गेला.

भांग मुळात जुन्या ज्वारीच्या स्वभावाची, दिवस लहान झाला की फुलणारी. पण बियाणं युरोपातलं असलं तर? तिकडे जूनचा दिवस सोळा तासांचा. आपल्याकडे सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. त्या बियाण्याला आपला आषाढच शरद वाटतो. झाड गुडघाभर असतानाच फुलतं, आणि फुलतं ते झडीत.

पूर्वी याच देशात हे पीक सरकारी परवान्यावर निघत होतं. १८९३-९४ च्या इंग्रजांच्या चौकशी आयोगापुढे बंगालमधल्या नौगावची, खांडव्याची, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याची लागवड आली होती. नौगावला रोपं पावसाळ्याच्या शेवटाला लावत आणि काढणी हिवाळ्यात करत. कोरडी, थंड हवा तुऱ्यावर यावी हा हिशेब त्या शेतकऱ्यांना कोणी कागदावर मांडून दिला नव्हता.

परदेशात ज्यांना ऋतूची वाट बघायची नाही ते ही हवा विकत घेतात. बंद खोली, दिवे, गारवा करणारी यंत्रं, हवेतलं पाणी ओढणारी यंत्रं. इव्हान मिल्स यांनी २०१२ साली अंदाज मांडला की अमेरिकेत अशा बंद खोल्यांतली भांग देशाची एक टक्का वीज खाते. ज्यांनी रात्री दोन वाजता मोटार चालू करायला बांधावर फेऱ्या मारल्या आहेत, त्यांनी या आकड्याचा अर्थ आपापला लावावा.

धाग्याचं थोडक्यात. अंबाडी कुजवलेल्या बायाबापड्या इथे बसल्या आहेत, त्यांना ठाऊक आहे. सालीपासून धागा सुटायला ओल लागते. शेतातच दवावर कुजवायचं तर हवा बेताची दमट हवी. कोरडी पडली तर धागा सुटत नाही, फार ओली झाली तर धागाच कुजतो. तळ्यात कुजवायचं तर नोव्हेंबरात तळ्यात पाणी कुठलं?

तेव्हा बियाणेवाला आला तर त्याला तीन गोष्टी विचारा. हे वाण कुठल्या अक्षांशावरचं? आपल्या जिल्ह्यात ते कुठल्या आठवड्यात फुललं, आणि कोणी मोजलं? त्या आठवड्यात पहाटेची आर्द्रता किती होती? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नसेल. आपल्याकडे असू शकतं. दोन साधे तापमापक घ्या. एकाच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळा, फडक्याचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा, दोन्ही सावलीत वाऱ्यावर टांगा. दोन्हींत एक-दोन अंशांचाच फरक असेल तर हवा वाफेनं भरलेली आहे. कपाशीच्या खालच्या बोंडांकडेही त्या दिवसांत वाकून बघा. फरक पंधरा अंशांच्या वर गेला तर पिकाच्या तोंडचं पाणी हवा ओढते आहे. मृगापासून दिवाळीपर्यंत पहाटे आणि दुपारी आकडे वहीत लिहा. पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्यातून निदान एक वही यावी.