पाळी गेली, हाडे सांभाळा



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. पण ज्या गोष्टीविषयी आपण हळदीकुंकवालासुद्धा कुजबुजतो, ती आज उघड बोलावी म्हणून उभी राहिले आहे.

माझे माहेर साताऱ्याकडे जावळीत, सासर सांगलीचे. आई साठीत कमरेत वाकली. ‘वयच झाले,’ असे आम्ही म्हणालो. थोरल्या जाऊबाईंची पिशवी अडतिसाव्या वर्षी काढली, बीजकोशही काढले. गरज होती का, हे आम्ही कोणी विचारलेच नाही. गेल्या पावसाळ्यात त्या अंगणात नुसत्या घसरल्या आणि मनगट मोडले. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समजावले, तेच सांगते.

हाडे रोज थोडी झिजतात, रोज थोडी भरून येतात. बीजकोशांतले इस्ट्रोजेन ही झीज आवरून धरते. आपल्याकडे साधारण ४६-४७ व्या वर्षी पाळी जाते, तसे ते आटते. मग पुढची पाच-सात वर्षे हाडे झपाट्याने विरळ होतात. दुखत काही नाही. मोडते तेव्हाच कळते. बीजकोश आधीच काढले, तर झीजही आधीच लागते.

आपल्या साखर कारखान्यांसाठी बीडकडून ऊसतोडीला बायका येतात. त्यांतल्या कितीतरी जणींच्या पिशव्या तरुणपणीच काढल्याचे २०१९ साली उघडकीस आले. सरकारला समिती नेमावी लागली. डोक्यावर मोळी वाहणाऱ्या त्या बायांच्या हाडांचे काय होत असेल! म्हणून कोणी पिशवी काढा म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा. बीजकोश ठेवता येतील का, हे विचारायला लाजू नका.

आता खाण्याचे. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० असते. जोंधळ्यात त्याचा दहावा हिस्साही नाही. माहेरी नाचणीवर वाढलेली मी, सांगलीला आल्यावर ‘गरिबाचे खाणे’ म्हणून ती सोडली! तीळही संक्रांतीपुरते ठेवू नका. दूध-ताक मुलांना वाढून उरले तर घेऊ, असे करू नका. रोज थोडे ऊन घ्या, भरभर चाला, आणि मिश्रीची डबी टाकून द्या. तंबाखूने हाडे ठिसूळ होतात.

माझी पाळी गेल्याला दीड वर्ष झाले. धीर करून हाडांची तपासणी केली. थोडी विरळ निघाली. डॉक्टरांची गोळी चालू आहे, आणि चुलीवर नाचणीची भाकरी परत आली आहे. आईची कंबर मला सावरता आली नाही. निदान तुमची तरी वेळेवर सावरावी, एवढीच विनंती करून मी खाली बसते.