ज्ञान समुद्रापलीकडे नाही

(नव्याच्या सणापूर्वीच्या शब्बाथच्या रात्री, हवदालानंतर झालेल्या व्याख्यानाचा ध्वनिमुद्रणावरून तयार केलेला मजकूर.)



आज सकाळी आपण नित्सावीम हा पाराशा ऐकला. त्याच्या आरंभी मोशेपुढे कोण कोण उभे आहेत याची यादी येते. वंशांचे प्रमुख आहेत, वडील आहेत, स्त्रिया व मुले आहेत, छावणीतला परका आहे. आणि शेवटी लाकूडतोड्या व पाणक्याही आहे. आपले पूर्वज कुलाब्याच्या गावांतून तेथे गेले असते, तर शनिवार तेल्याचेही नाव त्या यादीत आले असते, असे मला नेहमी वाटते. या साऱ्यांना मोशे सांगतो की जे मी तुम्हांला देत आहे ते स्वर्गात ठेवलेले नाही आणि समुद्रापलीकडेही नाही. कोणीतरी समुद्र ओलांडून ते आणावे आणि मग आपल्याला ऐकवावे, अशी वाट पाहण्याचे कारण नाही.

आजचा माझा विषय आहे विद्यापीठांतले संशोधन आणि आपण. या विषयापुरते पाहिले, तर आपल्याविषयीचे ज्ञान पुष्कळसे समुद्रापलीकडेच आहे. लंडन, जेरुसलेम, तेल अवीव, न्यूयॉर्क येथील ग्रंथालयांत बेने इस्रायलांवरचे प्रबंध आहेत. आपली मालिदा, आपली आडनावे, आपली लग्नगीते, आपले रक्तसुद्धा तेथे तपासले गेले आहे. हे सारे लिहिले गेले ते प्रामुख्याने इंग्रजीत. आणि ज्या आजीने मालिद्याचे पोहे कसे भिजवायचे ते संशोधकाला दाखवले, तिला त्याने पुढे काय लिहिले हे बहुधा कधी कळलेच नाही.

विद्वानांनी लोकांशी लोकांच्या भाषेत बोलावे ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती 1875 साली. पुढे आपल्या विद्यापीठांनी बहि:शाल व्याख्याने चालवली; प्राध्यापक गावोगावच्या वाचनालयांत जाऊन बोलत. आपल्या समाजातही ही रीत फार जुनी आहे. जॉन विल्सन या मिशनऱ्याने 1832 साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले, ते आपल्या लोकांसाठीच. त्याचा अंतस्थ हेतू आपल्याला पटणारा नव्हता, पण व्याकरण उपयोगी पडले. आपल्या पूर्वजांनी व्याकरण घेतले आणि उपदेश त्याच्याकडेच राहू दिला, हा व्यवहार मला फार शहाणपणाचा वाटतो.

त्यानंतरच्या पिढीत जोसेफ यहेज्केल राजपूरकर झाले. डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनचे ते मुख्याध्यापक होते आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही होते. विद्यापीठात मान मिळवलेला हा गृहस्थ घरी येऊन हिब्रू प्रार्थना आणि ग्रंथ मराठीत आणीत बसे. पुण्यात 1874 साली हग्गादा मराठी भाषांतरासह छापली गेली. आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी 1880 च्या सुमारास आपल्या मंडळींनी कीर्तन हाती घेतले. योसेफाचे, मोशेचे, एलियाहूचे आख्यान साकी-दिंडीच्या चालीवर लावले. पूर्वरंगात विचार, उत्तररंगात कथा. हिब्रूत बंद असलेली विद्या भायखळ्याच्या चाळीत पेटीच्या सुरावर ऐकू आली. प्रबंध आणि कीर्तन यांत फरक आहे हे मी जाणतो. पण ऐकणाऱ्याला समजले की नाही याची काळजी कीर्तनकाराला वाटत असे, आणि ती काळजी प्रबंधकारालाही असावी.

याउलट हाईम शमुएल केहिमकरांचे उदाहरण पाहा. आपल्या समाजाचा पहिला मोठा इतिहास त्यांनी 1897 पर्यंत लिहून पूर्ण केला. तो छापला गेला 1937 साली, तेल अवीवला. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून राहिले, लेखक जाऊनही बराच काळ लोटला, आणि पुस्तक निघाले ते अक्षरशः समुद्रापलीकडे, इंग्रजीत. आज आपल्याकडचा कोणी आपल्या इतिहासाविषयी बोलतो तेव्हा तो बहुधा केहिमकरांचेच बोलत असतो. त्यांचे नाव मात्र त्याला ठाऊक नसते.

आता रक्ताच्या विषयाकडे येतो. याविषयी घरोघरी चर्चा होते आणि ती अर्धवट माहितीवर होते, म्हणून जरा सविस्तर बोलतो.

लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेतील प्राध्यापक ट्यूडर पार्फिट आणि त्यांचे सहकारी यांनी आपल्या लोकांचे नमुने घेऊन वाय गुणसूत्राचा अभ्यास केला. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते. त्याचे निष्कर्ष 2002 साली वृत्तपत्रांतून आले, आणि बेने इस्रायलांचे मूळ आता विज्ञानाने सिद्ध झाले अशा थाटात आले. कित्येकांना आनंद झाला. तो समजण्यासारखा आहे. इस्रायलमध्ये आपल्या लोकांना लग्नाच्या वेळी यहूदीपणाविषयी विचारले गेले, त्याविरुद्ध त्यांना सत्याग्रह करावा लागला, आणि 1964 साली क्नेसेटने आपण सर्वार्थाने यहूदी आहोत असे जाहीर केल्यावरच तो वाद शमला. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना प्रयोगशाळेचा दाखला गोड वाटला तर नवल नाही. परंतु मला ती बातमी वाचताना एक शब्द टोचला : ‘आता’. आता सिद्ध झाले म्हणजे काल काय होते? शब्बाथ पाळणारे, सुंता करणारे, शेमा म्हणणारे आमचे आजे-पणजे पुराव्याअभावी अधांतरी होते काय?

पार्फिट यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. संशोधन जाहीर झाल्यावर त्या समाजात काय घडले, वृत्तपत्रांनी त्याचे काय केले, हाच विषय घेऊन त्यांनी आणि युलिया येगोरोवा या विदुषींनी 2006 साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. आफ्रिकेतील लेम्बा आणि आपण, अशा दोन समाजांची ती कहाणी आहे. आपल्या कामाचा परिणाम परत येऊन पाहणारे संशोधक थोडे. त्यांत या दोघांची गणना करावी लागेल.

दुसरा अभ्यास 2016 सालचा. कॉर्नेल व तेल अवीव येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी तो ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ते कोणालाही विनामूल्य वाचता येते. एवढे दार त्यांनी उघडे ठेवले हे चांगले केले. बेने इस्रायलांपैकी 18 जणांचे नमुने त्यांनी तपासले आणि इतर 41 समाजांतील 486 जणांशी ते ताडून पाहिले. निष्कर्ष असा की आपल्यात मध्यपूर्वेतील यहूदी अंश आहे आणि भारतीय अंशही आहे, आणि दोन्ही भरीव आहेत. हा मिलाफ सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वी, म्हणजे 650 ते 1050 वर्षांपूर्वी झाला असावा. यहूदी अंश अधिककरून पुरुषांकडून आला. त्यानंतर आपण बराच काळ आपापसांतच लग्ने केली.

हे ऐकताच पहिला प्रश्न येतो तो नवगावच्या किनाऱ्याचा. आपण तर ऐकत आलो की दोन हजार वर्षांपूर्वी गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. मग हजार वर्षे कुठे गेली? येथे आकडा कसा काढतात ते समजून घ्यावे. एक लांबलचक नऊवारी लुगडे कल्पा. दर पिढीला त्याचे तुकडे होतात आणि दुसऱ्या लुगड्याच्या तुकड्यांना जोडले जातात. जितक्या पिढ्या जास्त, तितके मूळ वस्त्राचे तुकडे आखूड. आज आपल्या शरीरात सापडणाऱ्या तुकड्यांची लांबी मोजून जोडकाम केव्हा झाले याचा अंदाज करतात. म्हणजे हा काळ जोडकामाचा आहे. गलबत किनाऱ्याला कधी लागले, याविषयी तो आकडा काही बोलत नाही. जोडकाम पुष्कळ पिढ्या चालू राहिले असेल तर अंदाज अलीकडे सरकतो. नवगावची कथा या अभ्यासाने खरी ठरली असेही नाही आणि खोटी ठरली असेही नाही.

पुरुषांकडून अधिक अंश आला, हे वाक्य नाजूक आहे. हलाखा आईकडून वंश मोजते हे सर्वांना ठाऊक आहे, आणि या वाक्याचा कोणी दुरुपयोग करील ही भीती मी ऐकली आहे. तिला माझे उत्तर असे की हलाखाचा निर्णय परीक्षानळीत होत नाही. तो झालेला आहे.

संशोधक आणि लोक यांचे नाते याहून बरे असते काय, याचे एक उदाहरण आपल्या क्षेत्राबाहेरचे देतो. अलिबाग-रेवदंड्याकडचे कितीतरी शेजारी आखातात नोकरीला असतात. त्यांच्या तोंडी येणारे एक नाव आहे रास तनुरा. सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावरचे ते भूशिर; 1945 साली तेथे तेलशुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला. त्याच्या दक्षिणेला तारूतचा उपसागर आहे. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील फिलिप बॅसन आणि त्यांचे तीन सहकारी यांनी त्या किनाऱ्यावरील जीवसृष्टीचा अभ्यास केला, आणि तेल कंपनीनेच 1977 साली तो सचित्र पुस्तकाच्या रूपाने दहरानहून प्रसिद्ध केला. उथळ पाण्यातले समुद्रगवत, कांदळवन, चिखलाची मैदाने; याच गवतात कोळंबीची पिल्ले वाढतात, म्हणून गवत गेले तर पुढे जाळ्यात कोळंबी येणार नाही, अशी कार्यकारणाची साखळी त्यातून कळते. ही माहिती प्रयोगशाळेच्या कपाटात न ठेवता पुस्तकात आणली हे मोठे काम. मात्र तेही इंग्रजीत. ज्या कोळ्यांच्या पोटाचा प्रश्न होता त्यांची भाषा अरबी.

त्या नावापाशी थोडा थांबतो. ‘रास’ म्हणजे डोके. आपल्या रोश हाशानातला ‘रोश’ तोच. आपण मराठीतही भूशिरच म्हणतो. ‘तनुरा’ हा भट्टीचा शब्द. तेथील उन्हामुळे हे नाव पडले असावे असे म्हणतात. हिब्रूत ‘तनूर’, आपल्याकडे तंदूर. आणि तनूर म्हटले की तालमूद जाणणाऱ्याला अखनाईची भट्टी आठवल्याशिवाय राहत नाही.

बावा मेत्सियातली ती कथा थोडक्यात सांगतो. एक भट्टी तुकडे करून, मध्ये वाळू घालून पुन्हा रचलेली होती. तिला अशुद्धता लागू शकते की नाही यावर वाद झाला. रब्बी एलिएझर एकीकडे, बाकी सारे विद्वान दुसरीकडे. रब्बी एलिएझरांच्या शब्दाखातर झाड उपटले गेले, ओढा उलटा वाहिला, पाठशाळेच्या भिंती कलल्या. शेवटी आकाशवाणीनेही त्यांचीच बाजू घेतली. तेव्हा रब्बी यहोशुआ उठून उभे राहिले आणि आज सकाळी आपण ऐकले तेच वचन त्यांनी पुढे केले : तोरा स्वर्गात नाही. निर्णय येथे, वाद करून, बहुमताने व्हायचा.

कथा येथेच संपली असे समजून आपण तिचा अभिमान बाळगतो. पण ती पुढे जाते. विद्वानांनी रब्बी एलिएझरांना बहिष्कृत केले, आणि त्यांच्या दुखावलेल्या मनाचे परिणाम भयंकर झाले. ही कथा तालमूदमध्ये आली आहे तीही शब्दांनी माणसाला दुखावू नये या प्रकरणात. भट्टीचा तांत्रिक वाद आणि बोलण्याने होणारी जखम या दोन गोष्टी आपल्या ऋषितुल्य पूर्वजांनी एकाच ठिकाणी ठेवल्या. संशोधनाचा निष्कर्ष अचूक असूनही तो सांगण्याची तऱ्हा जखम करू शकते. ‘आता सिद्ध झाले’ हे वाक्य मला का टोचले ते आपल्या ध्यानात आले असेल.

म्हणून आपल्या घरी प्रश्नावली घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला चहा-सरबत जरूर द्या, पण एक अटही घाला. काम पूर्ण झाल्यावर त्याने येथे यावे, तासभर मराठीत बोलावे, मराठी येत नसेल तर आपल्यातला कोणी भाषांतर करील. आणि त्याने प्रश्न ऐकून घ्यावेत. एका विद्यार्थ्याने आमच्या घरी तीन दुपारी बसून आईची गाणी ध्वनिमुद्रित केली होती. त्या फितीची प्रत आली नाही. आई गेली, आणि आता आमच्याकडे तिचा आवाज नाही. त्याने दुष्टपणाने तसे केले असे मी म्हणत नाही. प्रत द्यायची असते हे त्याला कोणी सांगितले नसावे.

आपल्याकडूनही काही व्हायला हवे. 2016 च्या निबंधाचा मी चार पानी मराठी गोषवारा केला आहे. त्याच्या प्रती बाहेर कार्यालयात आहेत. आपल्यात जीवशास्त्र शिकवणाऱ्या दोन भगिनी आहेत, त्यांनी तो तपासून द्यावा अशी विनंती. संशोधकांना एक पत्र पाठवण्याचा विचार आहे. दोन प्रश्न माझ्याकडे आलेले आहेत : अठरा माणसांवरून साऱ्या समाजाविषयी कितपत बोलता येते, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत लग्ने झाली असतील, तर लग्नाच्या वयाच्या मुलामुलींनी डॉक्टरांकडे काही विशेष तपासणी करून घ्यावी काय. दुसरा प्रश्न एका आईचा आहे आणि तो मला साऱ्या निबंधाहून तातडीचा वाटतो.

आणखी ज्यांना जे विचारायचे असेल त्यांनी सुक्कोथपर्यंत कागदावर लिहून कार्यालयात द्यावे. मराठीतच लिहावे, इंग्रजी करण्याचे काम माझ्याकडे.