सेलोफेन: लगद्यापासून वेष्टनापर्यंत



मिठाईवरच्या चकचकीत पारदर्शक वेष्टनाला आपण सरसकट सेलोफेन म्हणतो. वास्तविक आज त्या जागी पुष्कळदा खनिज तेलापासून केलेले पॉलिप्रॉपिलीन असते. खरे सेलोफेन वनस्पतिजन्य आहे. कागदाप्रमाणेच तेही सेल्युलोजचे एक रूप होय.

ते तयार करण्यासाठी लाकडाचा शुद्ध केलेला लगदा प्रथम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात मुरवितात. मग तो पिळून, कुसकरून काही काळ ठेवतात व नंतर कार्बन डायसल्फाइडबरोबर घुसळतात. त्यातून निर्माण होणारा नारिंगी पदार्थ सौम्य सोड्यात विरघळविला की मधासारखा दाट द्रव मिळतो. यालाच व्हिस्कोज म्हणतात. बारीक छिद्रांतून सोडल्यास त्याचा रेयॉनचा धागा होतो. अरुंद, लांब फटीतून आम्लाच्या कुंडात सोडल्यास अखंड पापुद्रा होतो. तो धुऊन, लवचीकपणासाठी ग्लिसरीनचा संस्कार करून वाळविला म्हणजे सेलोफेन सिद्ध झाले.

स्विस रसायनतज्ज्ञ झाक ब्रँडेनबर्गर हे फ्रान्समध्ये डाग न पडणारे कापड करू पाहत होते. त्या खटपटीतून १९१२ च्या सुमारास हा पातळ पापुद्रा साकार झाला. मात्र त्यातून बाष्प आरपार जाई. १९२७ मध्ये अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीचे विल्यम हेल चार्च यांनी नायट्रोसेल्युलोज व मेण यांचा अतिपातळ लेप देऊन ही उणीव दूर केली. पाव, बिस्किटे आणि सिगारेटी त्यात ताज्या राहू लागल्या.

या स्वच्छ, नितळ वस्तूची एक काळी बाजूही आहे. कार्बन डायसल्फाइडचे बाष्प मज्जासंस्थेला घातक असते. पॅरिसचे वैद्य ओग्युस्त देलपेश यांनी रबर-कामगारांना होणाऱ्या या विषबाधेचे वर्णन १८५६ मध्येच केले होते. धोका असा आधीच ज्ञात असूनही पुढे व्हिस्कोजच्या कारखान्यांतील अनेक कामगारांचे हातपाय बधिर झाले, काहींची बुद्धी भ्रमिष्ट झाली. बंदिस्त यंत्रे, पुरेसे वायुवीजन आणि बाष्प परत मिळविण्याची व्यवस्था हाच यावर उपाय आहे.

लेप नसलेले सेलोफेन मातीत कुजून जाते. म्हणून प्लॅस्टिकला पर्याय या दृष्टीने त्याच्याकडे पुन्हा पाहिले जात आहे. ते योग्यच आहे. परंतु वस्तूचा शेवट निरुपद्रवी असला, एवढ्याने तिची निर्मितीही निरुपद्रवी ठरत नाही. वेष्टन मातीत मिळते की नाही, या प्रश्नाइतकाच ते कोणत्या हवेत, कोणाच्या श्वासाच्या मोलाने तयार झाले, हा प्रश्नही महत्त्वाचा मानला पाहिजे.