ट्रॉम्बेचे बियाणे कोणाच्या शेतात?

(उपनगरातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



१९७२-७३ च्या दुष्काळात मुंबईच्या उपनगरांतील स्त्रिया लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या, हा इतिहास पक्षाच्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आदी नेत्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या त्या महागाईविरोधी आंदोलनात धान्य, साखर, रॉकेल यांच्या बरोबरीने खाद्यतेलाचा प्रश्न अग्रभागी होता. गोरेगाव, घाटकोपर, मुलुंड येथील चाळींत तेलाचा डबा रिकामा होता आणि व्यापाऱ्याचे गुदाम भरलेले होते. दुसरी एक घटना मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही. त्याच १९७३ साली, घाटकोपरपासून काही मैलांवर मानखुर्दच्या पलीकडे असलेल्या ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातून भुईमुगाचा एक नवा, टपोऱ्या दाण्यांचा वाण बाहेर पडला. त्याचे नाव टीजी-१. ‘विक्रम’ या नावानेही तो ओळखला गेला. एकाच शहरात, एकाच वर्षी तेलासाठी मोर्चा निघत होता आणि तेलबियांचे नवे वाणही सिद्ध होत होते. परंतु या दोहोंची गाठ पडली नाही. ती का पडली नाही, हाच आजचा विषय आहे.

प्रथम या संशोधनाचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. १९५४ साली ट्रॉम्बे येथे अणुऊर्जा संस्था स्थापन झाली. १९६७ साली तिला डॉ. होमी भाभांचे नाव मिळाले. तेथील जीवशास्त्रज्ञांनी ‘स्पॅनिश इंप्रूव्हड’ या प्रचलित भुईमुगाच्या बियांवर क्ष-किरण सोडून त्यांच्या आनुवंशिक गुणांत बदल घडवून आणले. असे बदल निसर्गातही होतच असतात, पण फार मंद गतीने. किरणांमुळे त्यांचे प्रमाण वाढते, इतकेच. त्यांतील बहुतेक बदल निरुपयोगी किंवा अपायकारक असतात. हजारो झाडांतून एखादे उपयुक्त झाड हेरायचे, त्याची पिढ्यान्‌पिढ्या पेरणी करून गुण स्थिर झाल्याची खात्री करायची, मग दुसऱ्या वाणाशी संकर करायचा आणि शेवटी निरनिराळ्या जिल्ह्यांत चाचण्या घ्यायच्या, असे हे वर्षानुवर्षांचे चिकाटीचे काम आहे. अशा बियाण्यापासून आलेल्या पिकात किरणोत्सार राहत नाही. अणुबॉम्ब आणि अणुवीज यांबाबत समाजवाद्यांचे मतभेद आहेत व ते रास्तही आहेत. तथापि ते मतभेद भुईमुगाच्या शेंगेवर लादण्याचे कारण नाही.

या कामाचे फळ लहान नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने १९९१ साली टीएजी-२४ हा बुटका, उपटा आणि लवकर येणारा वाण आला. त्याचे वैशिष्ट्य असे की झाड पाल्यावर शक्ती खर्च करीत नाही. तयार झालेल्या अन्नाचा मोठा भाग शेंगांकडे वळवते. उन्हाळी भुईमूग घेणाऱ्या बागायती शेतकऱ्याने तो उचलून धरला. १९९५ च्या टीजी-२६ मध्ये काढणीनंतर सुमारे वीस दिवस बी न उगवण्याचा गुण आहे. ऐन काढणीत पाऊस आला की उपट्या भुईमुगाच्या शेंगांना जमिनीतच कोंब फुटतात आणि हाताशी आलेले पीक मातीमोल होते. ज्याने हे सोसले आहे त्यालाच या वीस दिवसांची किंमत कळेल. कोकणासाठी टीकेजी-१९ए, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने टीपीजी-४१, लातूरच्या संशोधन केंद्राबरोबर टीएलजी-४५ असे वाण पुढे आले. १९८५ साली आलेल्या टीएयू-१ या उडदाच्या वाणाने तर महाराष्ट्रातील उडदाच्या क्षेत्राचा मोठा हिस्सा अनेक वर्षे व्यापला होता. सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक संस्थांनी, कोणाचाही नफा डोळ्यांसमोर न ठेवता केलेले हे काम आहे. खासगीकरणाचे गोडवे गाणाऱ्यांना हे उदाहरण आवर्जून सांगितले पाहिजे.

मग अडते कोठे? पहिला अडसर बियाण्याच्या अर्थकारणात आहे. संकरित बाजरीचे तीन-चार किलो बियाणे एका हेक्टरला पुरते आणि शेतकऱ्याला ते दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. भुईमुगाचे हेक्टरी शंभर किलोहून अधिक दाणे लागतात. एका हेक्टरवर तयार झालेले बियाणे पुढील हंगामात जेमतेम आठ-दहा हेक्टरांना पुरते. ते वजनाला जड, साठवणीला नाजूक, आणि एकदा घेतले की शेतकरी पुढच्या वर्षी घरचेच बी पेरू शकतो. साहजिकच बियाणे कंपन्यांना या धंद्यात रस नाही. ज्या गुणामुळे हे बियाणे शेतकऱ्याला स्वावलंबी करते, त्याच गुणामुळे बाजार त्याच्याकडे पाठ फिरवतो! पैदासकार बियाणे, पायाभूत बियाणे आणि प्रमाणित बियाणे ही तीन पायऱ्यांची साखळी सरकारी यंत्रणेनेच चालवावी लागते. याच हेतूने १९७६ साली अकोल्यास ‘महाबीज’ची स्थापना झाली. टीएयू-१ चा प्रसार झाला तो महाबीजने त्याचे बियाणे मुबलक केले म्हणून. जेथे ही साखळी तुटते तेथे उत्तमोत्तम वाण अहवालाच्या पानांतच राहतो.

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि व्यापारी छाप न लावता विकण्याचाही अधिकार शेतकऱ्याला दिलेला आहे. तरीही २०१९ साली एका बहुराष्ट्रीय कंपनीने बटाट्याच्या वाणावरून गुजरातमधील शेतकऱ्यांना न्यायालयात खेचले होते. देशभर ओरड झाल्यावरच तिने ते दावे मागे घेतले. कायद्यातील हक्क जागरूक संघटनेवाचून टिकत नाहीत, हाच त्याचा धडा आहे.

दुसरा अडसर सरकारच्या आयात धोरणात आहे. १९८६ साली तेलबियांसाठी तंत्रज्ञान मोहीम सुरू झाली आणि नव्वदीच्या दशकाच्या आरंभी देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. त्यानंतर १९९४ साली पामोलिनची आयात खुली करण्यात आली आणि ६५ टक्क्यांचे आयातशुल्क १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर आणले गेले. प्रयोगशाळेने दिलेले अधिक उत्पादन बाजाराने पाडलेल्या भावात विरघळून गेले. महाराष्ट्रातील भुईमुगाचे क्षेत्र पूर्वीच्या मानाने पुष्कळच आक्रसले. आज देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. उपनगरातील गृहिणीला स्वस्त तेल मिळावे म्हणून हे केले, असा युक्तिवाद केला जातो. परंतु परदेशात भाव भडकले की तिच्या फोडणीचा खर्च लगेच वाढतो आणि तोवर येथील शेतकऱ्याने भुईमूग सोडून दिलेला असतो. म्हणजे नुकसान दोघांचेही होते.

तिसरे उदाहरण कांद्याचे. रब्बीचा कांदा मार्च ते मे या महिन्यांत निघतो आणि पावसाळाभर कांदाचाळीत टिकवावा लागतो. त्याला कोंब फुटू नयेत म्हणून गॅमा किरणांचा अल्प मारा करण्याचे तंत्र ट्रॉम्बेत विकसित झाले. १९९४ साली त्यास कायदेशीर मान्यता मिळाली आणि २००२ मध्ये लासलगाव येथे त्यासाठी ‘कृषक’ हे केंद्र सुरू झाले. पुढे २००७ पासून येथून आंबा प्रक्रिया होऊन अमेरिकेस जाऊ लागला, आणि ज्या कांद्यासाठी केंद्र उभारले त्यापेक्षा आंब्याच्या निर्यातीमुळेच त्याचा बोलबाला झाला. याला तांत्रिक कारणही आहे. किरणांनी कोंब थांबतात. सड आणि घट थांबत नाही. त्यासाठी चांगली साठवण हवी, शीतगृह हवे, भांडवल हवे. ते कोणाकडे आहे? ज्या छोट्या शेतकऱ्याला मे महिन्यात सोसायटीचे कर्ज फेडण्यासाठी कांदा विकावाच लागतो, त्याच्याकडे नाही. ते व्यापाऱ्याकडे आहे. अशा स्थितीत कोंब न फुटणारा कांदा हे साठेबाजाच्या हातातील अधिक धारदार हत्यार ठरण्याचा धोका आहे. तेच केंद्र उत्पादकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचे असेल, तर शेतकऱ्याला थांबण्याचे बळ मिळेल आणि ऑक्टोबरात शहरालाही रास्त भावाने कांदा मिळेल. तंत्र एकच, मालक बदलला की त्याचे फळ बदलते.

शेतकरी आणि शहरी ग्राहक यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे हे राज्यकर्त्यांचे जुने कसब आहे. १९९८ साली कांद्याच्या भावाने सरकारे कोसळली. तेव्हापासून भाव चढू लागला की निर्यात रोखायची, ही रीत पडली. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले, डिसेंबरात निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ पर्यंत चालली. नाशिकच्या शेतकऱ्याच्या पदरात माती पडली. अंधेरी-बोरिवलीच्या कामगाराला हे आपल्या भल्यासाठी झाले असे वाटू नये, याची जबाबदारी पक्षाची आहे. कारण लासलगावात पडलेला भाव भांडुपच्या हातगाडीपर्यंत पोहोचताना वाटेतच जिरतो.

यावर उपाय म्हणजे केवळ निषेधाचा ठराव नव्हे. नायगावच्या गिरणी कामगारांतून १९४८ साली अपना बाजार उभे राहिले. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने घाऊक खरेदी करून घरोघर माल वाटण्याची पद्धत रुजवली. हा वारसा उपनगरांतील शाखांनी पुढे न्यावा. एखाद्या तालुक्यातील शेतकरी गटाशी करार करून शेंगदाणा, उडीद, कांदा थेट वस्तीत आणावा. त्या गटाला कृषी विद्यापीठाचे आणि ट्रॉम्बेचे वाण मिळावेत यासाठी महाबीजकडे पाठपुरावा करावा. सार्वजनिक कृषी संशोधनावरील तरतूद आणि विद्यापीठांतील रिक्त जागा हे प्रश्न शेतकरी संघटनांइतकेच कामगार संघटनांनीही हाती घ्यावेत. बियाणे हा शहराचाही प्रश्न आहे, हे वस्तीच्या सभांतून पटवून द्यावे.

ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी आपले काम चोख केले. एका शेंगेत अधिक दाणे भरण्याचे ज्ञान त्यांनी दिले. त्या दाण्यांवर हक्क कोणाचा, हा प्रश्न मात्र प्रयोगशाळेत सुटणारा नव्हता आणि नाही. त्याचे उत्तर चळवळीलाच द्यावे लागेल. ते देण्यासाठी लाटणे हाती घेतलेल्या स्त्रीने आणि नांगर हाती घेतलेल्या शेतकऱ्याने एका मोर्चात आले पाहिजे.