आरक्षणाचा तंटा आणि गावचा शेजार



अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी आणि वडीगोद्री ही गावे एकमेकांच्या शेजारची. अंतरवालीत मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणस्थळी १ सप्टेंबर २०२३ रोजी लाठीमार झाला. जून २०२४ मध्ये वडीगोद्री येथे ओबीसी आरक्षणाच्या रक्षणार्थ उपोषण झाले. हैदराबाद गॅझेटविषयीचा शासननिर्णय २ सप्टेंबर २०२५ रोजी निघाला आणि एकाच्या दाखल्यात दुसऱ्याला आपली गेलेली जागा दिसू लागली.

विशेष संधीचे तत्त्व समाजवादी चळवळीचेच आहे. डॉ. लोहियांनी ६० टक्क्यांचा आग्रह धरला, तो सामाजिक अवहेलनेवरील उपाय म्हणून. शेतमालाचा पडलेला भाव आणि खासगी महाविद्यालयांचे शुल्क ही दुखणी खरी आहेत. परंतु त्यांचे औषध दुसऱ्या मागासाच्या ताटात नाही. लाठीमारानंतर पाचच दिवसांनी, ६ सप्टेंबर २०२३ रोजी, राज्य शासनाने कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. कायम जागाच आटत असतील, तर वाटणीचा तंटा कोणाच्या सोयीचा हे उघड आहे.

हा तंटा न्हाव्याच्या दुकानात, किराणाच्या उधारीत, बांधावरच्या वाटेत शिरला, की हरतो तो गरीबच. शेजाऱ्यावाचून त्याची सुगी निघत नाही. कार्यकर्त्याने आपले मत चावडीवर निर्भयपणे मांडावे. पण जात पाहून दुकान बदलणाऱ्याला, तो स्वजातीचा असला तरी, प्रथम त्यानेच अडवावे. शासनाकडे मात्र दोघांनी मिळून जावे: जातनिहाय जनगणनेचे आकडे, रिक्त पदांची कायम भरती आणि शेतमालाला रास्त भाव मागण्यासाठी.